उसना मणका

उमरग्याच्या डॉक्टरांनी हरणाबाईच्या पाठीचा एक्स-रे उजेडाकडं धरला. "घागरी वाहून वाहून मणका दबलाय, बाई. तीन महिने घागर उचलायची नाही."

त्या दुष्काळात विहीर मैलभर लांब. नवऱ्यानं, धुळाप्पानं, मुकाट्यानं घागर खांद्यावर घेतली. एक्स-रे उशाखाली ठेवून हरणाबाई बाजेवर आडवी झाली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला दिवसाउजेडी आपल्या घराचं आढं दिसलं.

दुसऱ्याच दिवशी विरजणाचं निमित्त काढून शेजारची सिताबाई आली. हळूच म्हणाली, "हरणाक्का, तुझा त्यो हाडाचा फोटू दोन दिस उसना दे की. माझा म्हणून आमच्या मालकास्नी दावते."

सिताबाईकडून फोटू जाईबाईकडं गेला, जाईबाईकडून विठाबाईकडं. महिनाभरात विहिरीवर लुगडं दिसंना. नुसते पटकेच पटके.

एका सांजेला धुळाप्पानं घागर दणकन टेकवली. "हरणे, खरं सांग. समद्या बायांचा येकच मणका, येकाच जागी कसा गं दबला?"

हरणाबाईनं सावकाश कूस बदलली.

"दबंल न्हाय तर काय? पाणी येकाच विहिरीचं वाहिलंय न्हवं समद्यांनी!"