तबकडी आणि सही

"मला काहीच दिसलं नाही," कॅप्टन रणदिव्यांनी चौकशी अधिकाऱ्याला सांगितलं. निवृत्तीला चार महिने उरले होते. उडती तबकडी पाहिली म्हटलं, तर लोक वेड्यात काढतील ही धास्ती.

खरं तर ती चंदेरी तबकडी विमानाच्या नाकासमोर आली, तेव्हा विमान वळवण्याचा दांडा सोडून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. विमान वळवलं ते शेजारी बसलेल्या त्यांच्या विद्यार्थिनीने, मृण्मयीने.

अधिकाऱ्याने तिचा जबाब वाचून दाखवला. "तबकडी अंगावर आली. माझे हातपाय गळाले. सरांनी विमान वळवलं म्हणून वाचलो."

"पोरीला भास होतात," कागद मिटत अधिकारी म्हणाला. "हिचं उड्डाण बंद करू. प्रशिक्षक म्हणून तुमची सही लागेल."

काचेपलीकडे बसलेली मृण्मयी त्यांची नजर वळताच अदबीने उठून उभी राहिली.

सही करताना त्यांचा डावा हात पुन्हा तोंडावर गेला.