सहाव्यालाच ‘आई गं!’

१९९४ सालची गोष्ट. संधिवाताने द्वारकाबाईंचे गुडघे आखडले होते. रोज सकाळी सून मृदुला त्यांना लाकडी खुर्चीवर बसवायची आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणायची, “हात न टेकता उठायचं हं, आई. अर्धं मिनिट.” मग कितीदा उठल्या तो आकडा कॅलेंडरवर लिहायची.

आकडा नवापर्यंत गेला आणि द्वारकाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. एवढा पुळका कशाला? शेजारच्या गोदाक्कांनी त्यात भर घातली. “माझ्या नणंदेला वृद्धाश्रमात टाकलं ना, तेव्हा अशीच परीक्षा घेतली. आपलं आपण उठणाऱ्यालाच घेतात तिथं!”

त्या दिवसापासून द्वारकाबाई सहाव्यालाच “आई गं!” करून बसू लागल्या.

महिनाअखेरीला कॅलेंडर बघून मृदुलाचे डोळे भरले. “आई, नवं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. हे म्हणतात, आईला जिने झेपायचे नाहीत, आश्रमच बरा. मी पैज लावली होती, दहा वेळा उठून दाखवतील म्हणून.”

द्वारकाबाईंनी पदर खोचला. “घड्याळ बघ, सूनबाई. आणि माझ्या लेकालाही बोलाव बघायला.”

दातओठ खात त्या अकरा वेळा उठल्या.

तिसऱ्या मजल्यावर त्या चौदा वर्षं राहिल्या. गोदाक्का शेवटी आश्रमातच गेल्या. लेकाचे गुडघे साठीत आखडले, तेव्हा मृदुलाने तीच खुर्ची बाहेर काढली. तो सहाव्याला कण्हला, की तिला अजून संशय येतो.