कडीची शिकवणी

“मुडदा बशिवला तुझा, जेवायला चल!” पत्रा ठोकायला छपरावर चढलेल्या थोराड लेकाला, सर्जाला, हौसाक्कानं हाक मारली. तेवढ्यात पोलिसांची बोलकी हातकडी भिरभिरत आली आणि तिच्या मनगटावर खटकन बसली.

“खुनाची धमकी,” कडी बोलली. “आरोपीनं हलू नये.”

सर्जा उडी टाकून खाली आला आणि कडी ओढायला लागला. ओढली तशी ती आवळली. हौसाक्काची बोटं निळी पडायला लागली.

चौकीतून फौजदार शिंत्रे धावत आले. “ओढू नका! नव्या कायद्यानं कडी माझं ऐकत नाही, गल्लीचं ऐकते. समजवा तिला, लवकर!”

शेजारची चंद्राबाई कडीपाशी तोंड नेऊन ओरडली, “अगं भवाने, आमच्यात शिवी म्हंजे माया! डोकं फिरलं की आम्ही अहो-जाहो करतो. कुणी लई गोड बोलला, की समजायचं, आता हा मुंडी मुरगाळणार!”

कडी गुरगुरली.

“समजलं,” कडी म्हणाली आणि उघडली.

शिंत्र्यांनी घाम पुसला. नुकत्याच झालेल्या सौजन्य शिबिरात शिकवलं होतं तसे हात जोडून ते म्हणाले, “अहो मातोश्री, आपणांस फार त्रास झाला. क्षमा असावी.”

खटकन कडी त्यांच्याच मनगटावर बसली.

“कृपया सोडा हो,” ते कळवळले. कडी आणखी आवळली.

“अरे मेल्या,” हौसाक्का किंचाळली, “हात प्यारा असंल तर शिवी हासड!”