कड्यावरचा दिवा

मास्तरांचा सोन्याचा दात उडाला, तेव्हा स्मारक समितीची सभा नुकती कुठे रंगात आली होती.

दात उडवला पत्रेवाल्याने. हातात डब्याचं झाकण होतं, तेच फेकून मारलं. सभा त्याच्याच दुकानात भरलेली, त्यामुळे हत्यारांची ददात नव्हती. मास्तरांनी तोंडातलं रक्त पुसलं आणि खुंटीवरचं नरसाळं काढून पत्रेवाल्याच्या कपाळात हाणलं. सोडवायला धावलेले अध्यक्ष मधल्या मधे बादलीत बसले आणि घट्टच बसले.

"अहो, मी खोटं काय बोललो?" मास्तर नव्या फटीतून फिसफिसले. "तुमच्या मातोश्रींनी युद्धात अख्खा हिवाळा कड्यावर दिवा लावला. तरी सहा विमानं तिथेच आपटली. मग त्या दिव्याचा उपयोग काय झाला? स्मारक चौकात बांधा, लोकांना दिसेल तरी!"

"मास्तर, शेजारचा पण हलतोय का, बघू?" पत्रेवाला म्हणाला.

"आधी मला बाहेर काढा!" अध्यक्ष बादलीतून ओरडले.

मग सगळे गुडघ्यांवर बसून पत्र्याच्या कातरणांत दात शोधायला लागले. हात कापले, दात सापडेना. शेवटी कोपऱ्यातल्या खाटेवरून पत्रेवाल्याची म्हातारी आई उतरली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने ऐरणीखाली हात घातला आणि दात बरोबर बाहेर काढला. पदराला पुसला, तळहातावर झेलून पाहिला.

"घे रे बाबा," ती मास्तरांना म्हणाली. "आत पितळ आहे. फसवलं तुला."

मास्तरांचा आवाज त्यानंतर बसला तो बसलाच. स्मारक कड्यावर ठरलं.

पत्रेवाल्याला एवढंच हवं होतं. आई हा हिवाळा काढायची नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. ती डोळे मिटायच्या आत तिचा दिवा पुन्हा एकदा पेटायला हवा, खाली तिचं नाव कोरलेलं हवं. त्यासाठी त्याने गावातल्या सगळ्यांचे दात पाडले असते.

त्याची आई युद्धात डोंगरापलीकडच्या विमानतळावर धुणं धुवायची. धावपट्टीच्या कडेचा एक तेलाचा दिवा तिने तिथूनच आणलेला. धुकं पडलं की ती एकटी कड्यावर जायची. बिचाऱ्या पोरांना डोंगर दिसावा म्हणून, असं गाव म्हणायचं. पण पोरांचं नशीबच फुटकं. एका वैमानिकाचं धड झाडावर लटकलं आणि बूट गावच्या विहिरीत पडले. एकाचा हात गोठ्याचं छप्पर फोडून थेट गव्हाणीत आला. गाय महिनाभर आटली. लोक पाण्याच्या घागरी घेऊन वर पोचायचे, तोवर ती तिथे असायचीच, कोपरापर्यंत रक्ताने माखलेली. जिवंत मात्र एकही सापडला नाही. एकाच्या किंकाळ्या खाली गावापर्यंत ऐकू येत होत्या. ती पोचली आणि मग त्या थांबल्या.

"आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं असणार," पत्रेवाला सांगायचा आणि डोळे पुसायचा.

तेव्हा तो पाळण्यात होता. बाप त्याच सुमारास गेला. त्याने जन्मभर लोकांच्या बादल्यांना बुडं बसवली. आईच्या हातात मात्र जाड सोन्याच्या बांगड्या. "तुझ्या बापाचा जीव होता माझ्यावर," एवढंच ती म्हणायची.

कड्यावर दिव्याच्या खांबाचं काम सुरू झालं, तशी ती कुरकुरायला लागली.

"एवढा उंच कशाला?"

"लांबून दिसायला नको का, आई?"

"मी खाली, सपाट खडकावर ठेवायची."

"तेव्हा खांब नव्हता. आता तुझा मान आहे."

म्हातारीला उंचावर तेल कोण घालणार याची काळजी, असं तो धरून चालला.

उद्घाटनाच्या सकाळी धुकं असं दाटलं, की अध्यक्षांनी फीत समजून मास्तरांचा गळपट्टा कापला. मास्तरांनी त्यांच्या थोबाडीत दिली. मग दोघांनी छातीवर हात ठेवून हुतात्म्यांना आदरांजली वाहिली.

"सलामीचं विमान येणार होतं," अध्यक्ष गाल चोळत म्हणाले. "अशा धुक्यात त्याला गाव कसं सापडायचं?"

"दिवा आहे की!" पत्रेवाल्याची छाती फुगली.

आईला त्याने खुर्चीसकट पाठीवर बांधून वर आणलं होतं. निघताना तिने एकच हट्ट धरला, तिची जुनी पक्कड. आयुष्यभर ती पक्कड तिने कुणाला वापरू दिली नव्हती, पोटच्या पोरालाही नाही. वात ओढायला हवी असेल, म्हणून त्याने ती तिच्या हातात दिली.

शिडीवर चढून त्याने दिवा पेटवला. धुक्यात पिवळा गोळा फुलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली येऊन त्याने आईकडे पाहिलं. तिचे गाल लाल झाले होते. इतक्या वर्षांत ती एवढी तरतरीत दिसली नव्हती.

तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. सगळे ताठ उभे राहिले, टोप्या उतरल्या. घरघर जवळ यायला लागली.

म्हातारीने एका हाताने पक्कड उघडझाप करून पाहिली आणि दुसऱ्याने लेकाची बाही ओढली.

"खाली घे तो दिवा, लवकर," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "इतक्या उंच ठेवला की विमानं डोंगरावरून निघून जातात."