हसण्याचं पान

तीनशे वर्षं उडून यान नव्या ग्रहावर पोहोचतं. कप्तान ऐटीत दार उघडतो, पहिलं पाऊल टाकणार इतक्यात मागून त्याची बायको विचारते, "अहो, निघताना घराला कुलूप लावलंत ना?"

पुस्तकातल्या या ओळीवर बाबा हसायचे. साधंसुधं नाही, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आज ते पान यायला अजून थोडा अवकाश होता. पलंगाच्या दुसऱ्या टोकाला मुलगी त्यांची बॅग भरत होती. चार शर्ट, पायजमे, दाढीचं सामान, स्वेटर. तिचा धाकटा भाऊ खाली गाडी लावायला गेला होता. म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात बाबांना आजच पोहोचवायचं होतं.

बाबांचं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत ग्रीसच्या डब्यावर बसून त्यांनी शेकडो पुस्तकं फस्त केली. सगळी एकाच जातीची. पडसं झालेले ड्रॅगन, बदलीसाठी खेटे घालणारे जादूगार, रस्ता चुकलेली यानं. आई म्हणायची, "केस पांढरे झाले तरी राक्षस-पऱ्या काही सुटत नाहीत तुम्हाला!" बाबा म्हणायचे, "रडायला कारणं फुकट मिळतात गं, हसायला पुस्तक विकत आणावं लागतं." मग तिला बळंच बसवून वाचून दाखवायचे. शेवटी तीही हसायची आणि वर म्हणायची, "हसले ते तुमच्या तोंडाकडे बघून."

आई गेली. त्यानंतर बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट जायला लागली. आधी नावं गेली, मग रस्ते, मग माणसं. कपाटभर पुस्तकांतून हे एकच हातात राहिलं. रोज सकाळी ते पहिल्या पानापासून सुरुवात करायचे आणि रोज त्याच ओळीवर हसत सुटायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, "काही म्हणा, म्हातारा मजेत आहे." तिला मात्र त्या हसण्याचा राग यायचा. कालचा विनोद आज नवा वाटतो, म्हणजे कालचा अख्खा दिवस पुसला गेला, आणि त्याच्याबरोबर तीही. हसून झालं की बाबा तिच्याकडे वळून अदबीने विचारायचे, "बाई, तुम्ही वाचलंय का हे?"

रात्री ते दार उघडून जिन्यात जाऊन बसायचे. गॅस चालू ठेवायचे. ती औषधांच्या दुकानात उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची. एकदा गिऱ्हाइकाला भलत्याच गोळ्या देता देता थांबली, तेव्हा धाकट्याने केंद्र शोधलं. तिने एकच अट घातली होती. "मला एकदा जरी ओळखलं ना त्यांनी, तर ते कुठेही जाणार नाहीत."

"कबूल, ताई," धाकटा म्हणाला होता. पण बाबांच्या तोंडचं 'बाई' काही सुटलं नाही.

बाबांनी पान उलटलं. तिने सवयीने दात आवळले. पण बाबा हसले नाहीत.

"हे वाचलंय मी," बाबा म्हणाले.

तिच्या हातातला स्वेटर तसाच राहिला.

"वाचलंय. पुढे कप्तान म्हणतो, किल्ली तुझ्याच पर्समध्ये आहे." त्यांनी चष्मा काढला आणि वर पाहिलं. "ठमे, किती गं वाळलीस!"

ती धावलीच. त्यांच्या मांडीत डोकं खुपसून रडली, लहानपणी रडायची तशी, मोठ्याने. इतक्या महिन्यांत तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. "बाबा, मी आत्ता त्याला सांगते. गाडी परत पाठवू."

"कुठली गाडी?"

त्यांची नजर बॅगेवर गेली. स्वतःचे शर्ट त्यांनी ओळखले. मग त्यांनी तिचा हात हातात घेतला. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी लाल होऊन आक्रसली होती.

"हे काय झालं?"

"चहा सांडला."

"कोणी सांडला?"

"माझ्याच हातून, बाबा."

खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. बाबांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि गुपचूप मांडीखाली घातले.

"ठमे, माझं डोकं असं किती वेळ ठिकाणावर राहील?"

ती औषधांच्या दुकानात काम करणारी. तिला उत्तर ठाऊक होतं.

जिन्यात पावलं वाजली. बाबांनी घाईघाईने बाहीने तिचे डोळे पुसले. "मी ओळखलं हे त्याला सांगायचं नाही. तुला माझी शपथ."

"बाबा, नका ना असं करू."

धाकटा आत आला तेव्हा बाबा मांडीवर थापा मारून हसत होते. "या, या! आपण कोण? बसा, ऐका तर. बायको त्याला विचारते, कुलूप लावलंत ना! या बाईंना सांगून सांगून थकलो, हसतच नाहीत."

"बघ, तिथेही असेच मजेत राहतील," धाकटा हळूच म्हणाला. बॅगेकडे हात नेता नेता तो थांबला. "ताई, आज तरी ओळखलं का गं तुला?"

एक 'हो' पुरे होता. बाबांनी पुस्तकात तोंड घातलं होतं, त्यांचे खांदे गदगदत होते. तिला बाबा हवे होते. आणि तिला झोपही हवी होती.

"नाही," ती म्हणाली, आणि तिने बॅगेची चेन ओढली.