घरच्या माणसाची मान

पडद्याआडून कट्‌ असा आवाज आला आणि बाहेर बाकावर बसलेल्या तात्याबा पैलवानाच्या काळजात लक्क झालं. आवाज ओळखीचा होता. तासगावात त्याच्या ओसरीवर रोज तसले आवाज निघत. पण इथं मान त्याच्या बायकोची होती आणि हात परक्या बाईचे.

निखळलेले खांदे, उसण भरलेल्या पाठी घेऊन लोक लांबून एसटीनं त्याच्याकडे हाडं बसवून घ्यायला येत. आणि त्याचीच शकुंतला अर्धशिशी उठली की डोक्याला फडकं आवळून अंधारात पडून राही. दिव्याखाली अंधार, असं शेजारीपाजारी म्हणत. घरच्या माणसावर हात चालवायचा नाही असं वस्तादांनी बजावलंय, हे तात्याबाचं ठरलेलं उत्तर. शेवटी भाचीनं सांगलीतल्या या कायरोप्रॅक्टर डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं. त्याही हातांनीच मणके मोकळे करायच्या.

दोन-चार खेपांत शकुंतलाच्या डोक्याला उतार पडू लागला, तसं तात्याबाच्या पोटात दुखू लागलं. खोटं कशाला बोला, तो जळत होता. बायको बरी व्हायला हवीच होती, पण तिनं दुसरीच्या हातनं बरं व्हावं हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. दवाखान्याच्या भिंतीवरच्या पदव्यांचा त्याला राग आला, गार हवेच्या मशीनचा आला. सगळ्यात जास्त आला तो त्या डॉक्टर पोरीच्या काकडीएवढ्या मनगटांचा.

डॉक्टर अबोली बाहेर आली. आता डोकं कमी वेळा उठतंय, पण हा उपचार सगळ्यांनाच लागू पडतो असं नाही, अर्धशिशीच्या गोळ्या मनानं बंद करू नका, असं तिनं नीट समजावलं. तात्याबाचं अर्धं लक्ष तिच्या हातांकडे होतं.

"बाई, मान फिरवताना हात कचरत न्हाई तुमचा?"

"नाही काका, रोजचंच काम आहे," असं म्हणून ती पुढच्या पेशंटकडे वळली.

शकुंतला बाहेर आली. चेहरा कसा धुतल्यासारखा निवळला होता. ते बघून तर त्याला जास्तच झोंबलं. जिना उतरताना त्याची बडबड सुरू झाली. त्यात काय एवढं, असली मान आपण झोपेत मोकळी केली असती, वस्तादांचा शब्द आडवा आला म्हणून, नाहीतर.

शकुंतला पायरीवर थांबली.

"आवं, तुमच्या भनीचा खांदा बसवलासा, तवा वस्ताद शेजारीच बसलं हुतं. तवा न्हाई आडवा आला त्यो शब्द."

 तात्याबा कठड्याला धरून उभा राहिला.

"माझं डोकं पयल्यांदा उठलं, तवा तुमी माझ्या मानंला हात घातला हुता," ती हळूच म्हणाली. "धरलीसा आन् सोडलीसा. हात लटलट कापत हुता तुमचा. मला काय कळलं न्हाई व्हय?"

खाली रस्त्यावर रिक्षावाला हॉर्न देत होता. तात्याबानं मान वर केली नाही. तसंच त्यानं विचारलं,

"मग ती पोरगी कशी भ्येत न्हाई?"

"ती कशाला भ्येल?" शकुंतला म्हणाली. "मी तिची कोण लागती?"