ते किती जण?

विज्ञानकथाप्रेमींच्या मेळाव्यात यंदा एकही भांडण झालं नाही, हे शरयूताईंना काही केल्या पचेना. मेळावा कसला, शोकसभाच ती! त्यांच्या कादंबरीचं शेवटचं वाक्य होतं, 'तिनं दार उघडलं. बाहेर ते उभे होते.' आता 'ते' म्हणजे अवकाशात हरवलेले तिचे बाबा, की परग्रहावरची टोळी? दरवर्षी यावरून वाचकांची जुंपायची आणि शरयूताई गालातल्या गालात हसायच्या. उत्तर त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

यंदा जो तो नवा चष्मा लावून आला होता. पुस्तकाचं पान उघडलं, की चष्म्यात थेट सिनेमाच दिसायचा.

"बाहेर कोण होतं रे?" त्यांनी एकाला विचारलं.

"सातजण, ताई. हिरवे."

दुसऱ्यानंही तेच सांगितलं, तिसरीनंही.

"तुम्हीच बघा ना!" म्हणत तिनं शेवटचं पान उघडलं आणि आपला चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. क्षणभरातच शरयूताईंनी तो ओढून काढला आणि घाईघाईनं कागदावरचं आपलंच वाक्य वाचलं. कागदावर अजूनही 'ते'च होतं. पुन्हा वाचलं, पण डोळ्यांपुढे आलं ते एकच.

दार उघडलं. बाहेर सातजण उभे होते. बाबा कुठेच नव्हते.